युनिव्हर्सिटीचं टेनिस सेंटर कसं आहे ते कळायला सहा नंबरचं कोर्ट बघा

ताईचा फोन रात्री साडेअकराला आला तेव्हाच मी ओळखलं की काम टेनिसचं असणार, कारण त्या घरात एवढ्या उशिरापर्यंत फक्त टेनिससाठी जागतात. भाचीला अमेरिकेतल्या दोन युनिव्हर्सिट्यांकडून स्कॉलरशिपची ऑफर आलीये, दोन्ही कोचनी आपापल्या टेनिस सेंटरचे व्हिडिओ पाठवलेत, आणि पार्ल्यातल्या त्यांच्या हॉलमध्ये ताई, भावोजी, आजी आणि ती स्वतः असे चौघं बसून ते व्हिडिओ तीन-तीनदा बघून झालेत. भावोजींचं मत ठाम, "पहिलीच घ्यायची, स्टेडियम बघितलंस का, दीड हजार माणूस बसतो!" आजी म्हणते तिथे पोळी मिळते का ते आधी विचारा. आणि ताई मला म्हणते, तू खेळलायस ना रे युनिव्हर्सिटीकडून, तू सांग यात नक्की बघायचं काय.

खेळलोय हे खरं, पण मुंबई युनिव्हर्सिटीकडून टेनिस खेळणं ही वेगळीच गोष्ट. युनिव्हर्सिटी १८५७ ची, मान मोठा, पण आमच्या वेळी कॉलेजचं टेनिस म्हणजे कुठल्या तरी जिमखान्याच्या कोर्टावर मेंबर लोक यायच्या आधी मिळालेला सकाळचा सहा ते सातचा वेळ, मार्करला, म्हणजे जिमखान्यात मेंबरांबरोबर खेळणाऱ्या माणसाला, चहा पाजून जुने बॉल मागायचे, आणि झोनलला, म्हणजे युनिव्हर्सिट्यांच्या विभागीय स्पर्धेला, जायचं तर सेकंड क्लासच्या डब्यात रॅकेट उशाखाली घेऊन झोपायचं. तेव्हा 'फॅसिलिटी' हा शब्द आम्ही फक्त फॉर्मवर बघितला होता. तरी नंतरची बरीच वर्षं कोर्टांच्याच आसपास गेली, कोर्ट बांधताना, उखडताना, परत बांधताना बघितली, त्यामुळे थोडंफार कळतं. ताईला जो लांबलचक मेसेज पाठवला तोच इथे जरा नीट करून टाकतोय, कारण हल्ली मुंबई-पुण्यातून बरीच पोरं तिकडे जातायत आणि आईबाप सगळे स्टँडच मोजत बसतात.

सुरुवात सहा या आकड्यापासून. अमेरिकेत कॉलेजचं टेनिस टीम म्हणून खेळतात, दोन युनिव्हर्सिट्यांच्या मॅचला ड्युअल मॅच म्हणतात. वरच्या डिव्हिजनमध्ये आधी तीन डबल्स होतात, प्रत्येकी एकच सेट, आणि त्या तीनपैकी दोन जो जिंकेल त्याला मिळून एकच पॉइंट. मग सहा सिंगल्स, प्रत्येकाचा एक पॉइंट. एकूण सात, जो आधी चारला पोचला तो जिंकला. आणि हे सहाही सिंगल्स एकाच वेळी सुरू होतात! म्हणजे आपण टीव्हीवर बघतो तसं एक मॅच, सगळे शांत, टाळ्या पॉइंट संपल्यावर, असं काही नाही, सहा कोर्टांवर एकदम ठोकाठोकी चालू, तुमची मॅच चालू असताना बाजूच्या कोर्टावरून आपलाच पोरगा "कमॉन" म्हणून बोंबलतोय, आणि तुम्ही तिसऱ्या सेटमध्ये ४-४ असताना पलीकडे कोणीतरी चौथा पॉइंट मिळवला की तुमची मॅच बऱ्याचदा तिथेच थांबते, कागदावर 'अनफिनिश्ड'. त्यामुळे तिथल्या प्रत्येक सेंटरला किमान सहा कोर्टं लागतातच. चार असतील तर मॅच दोन हप्त्यांत खेळावी लागते, आधी चार मग दोन, आणि सगळा खेळच बिघडतो.

आता जागेचा हिशोब, कारण मुंबईकराला तोच आधी सुचतो. कोर्ट स्वतः ७८ फूट लांब आणि डबल्सच्या लाइनपर्यंत ३६ फूट रुंद, मीटरमध्ये २३.७७ बाय १०.९७. आपल्या लोकलचा एक डबा वीस मीटरच्या थोडा वर असतो, म्हणजे कोर्ट डब्यापेक्षा जरासं लांब. पण लाइनच्या बाहेरची जागा लोक विसरतात आणि खरं टेनिस तर तिथे होतं. बेसलाइनच्या, म्हणजे कोर्टाच्या टोकाच्या लाइनच्या, मागे २१ फूट, बाजूला १२-१२ फूट धरायचे. १२ फूट म्हणजे परत लोकलच्याच डब्याची रुंदी, एवढी जागा साइडलाइनच्या बाहेर नुसती धावायला. असं धरलं की एका कोर्टाला १२० बाय ६० फूट लागतात, म्हणजे ७,२०० चौरस फूट, म्हणजे साधारण साडेसहा गुंठे. सहा कोर्टं म्हणजे ४३,२०० चौरस फूट. एक एकर म्हणजे ४३,५६०. बरोब्बर बसतं! शेजारशेजारची कोर्टं बाजूची जागा थोडी वाटून घेतात, पण स्टँड, पायवाट, ड्रेन यात ती परत जाते. एक टीम, एक एकर. पार्ल्यात एक एकर मोकळी असती तर बिल्डरने तिचं काय केलं असतं हे सांगायची गरज नाही.

पण या मागच्या २१ फुटांकडे बघा, हे मी ताईला दोनदा लिहिलं. भाची बेसलाइनच्या चांगली मागे राहून टॉपस्पिन मारणारी पोरगी आहे, आणि कमी जागेत कोर्टं कोंबली असतील तर पहिला मार अशाच खेळाडूला बसतो, उंच आलेला बॉल घ्यायला मागे सरकली की पाठीला कुंपणाची जाळी. ते व्हिडिओत दिसत नाही, कारण व्हिडिओ ड्रोनने काढलेला असतो आणि ड्रोनमधून सगळंच ऐसपैस वाटतं.

मग सहा नंबर. टीममधला सगळ्यात वरचा खेळाडू एक नंबरवर, असं उतरत उतरत सहापर्यंत, आणि कोर्टांचे नंबरही सहसा त्याच क्रमाने, एक नंबर म्हणजे स्टँडच्या समोरचं शो कोर्ट. नवीन आलेली पोरगी पहिल्या वर्षी कुठे खेळणार? नशीब चांगलं असेल तर पाच किंवा सहावर. म्हणजे भावोजींच्या त्या दीड हजार खुर्च्या जिथे तोंड करून आहेत तिथे नाही, तर पार टोकाला, पार्किंगच्या बाजूला. आणि गंमत अशी की सात पॉइंटांत पाच-सहा नंबरच्या पॉइंटची किंमत एक नंबरएवढीच. ३-३ झालं आणि शेवटची मॅच सहा नंबरवर उरली की सगळं पब्लिक खुर्च्या सोडून तिकडे जाळीला चिकटून उभं राहतं. म्हणून एक नंबर कोणीही चांगलंच ठेवतो, बघायचं असेल तर सहा नंबर बघा: तिथे स्कोअरबोर्ड आहे का, जाळीवर हिरवं कापड आहे का की मागून जाणाऱ्या गाड्या दिसतायत, बसायला सावली आहे का, लाइट तेवढाच आहे का.

लाइटचं सांगतो, मोबाइलवर लक्स, म्हणजे उजेड, मोजायचं फुकट अ‍ॅप मिळतं, अगदी अचूक नसतं पण फरक कळतो. युरोपच्या स्टँडर्डमध्ये बाहेरच्या कोर्टावर मोठ्या मॅचला ५०० लक्स, क्लब लेव्हलला ३००, नुसत्या प्रॅक्टिसला २०० असं धरलंय. एक नंबरवर ५०० आणि सहावर २५० असेल तर समजून घ्यायचं की त्या सेंटरमध्ये पैसा कुठे जातो.

आता पाणी. इथे मुंबईकराला कोणी शिकवायला नको खरं तर, पण कोर्टाचं पाणी वेगळं असतं. हार्ड कोर्ट दिसतं सपाट पण ते सपाट नसतं, नसायलाच हवं. १० फुटाला १ इंच असा उतार, आणि तो एकाच दिशेला, शक्यतो एका साइडलाइनकडून दुसऱ्या साइडलाइनकडे. म्हणजे ६० फुटांत ६ इंच, कोर्टाची एक बाजू दुसरीपेक्षा चक्क अर्धा फूट खाली! खेळताना कळतही नाही. नेटपाशी उंच आणि दोन्हीकडे उतरतं असं करायचं नसतं, कारण मग नेटची उंची दोन्ही बाजूंच्या खेळाडूंना वेगळीच लागते. आणि सहा कोर्टं ओळीने असतील तर एकाचं पाणी दुसऱ्यावर जाणार, म्हणून मधे मधे ड्रेन लागतात. हे बांधतानाच चुकलं तर नंतर रंगाचे कितीही हात मारा, काही होत नाही.

मी हे चुकलेलं जवळून बघितलंय. इथलंच एक कोर्ट, नाव घेत नाही, नवीन केलं तेव्हा निळा रंग असा झगझगीत की पोरं फोटो काढायला यायची. जूनचा पहिला पाऊस झाला आणि ड्यूस साइडच्या, म्हणजे उजवीकडच्या, सर्व्हिस बॉक्समध्ये परातीएवढं तळं. पाऊस थांबून दोन तास झाले तरी तळं तसंच. कॉन्ट्रॅक्टर म्हणाला सुकेल. मग माळी, मार्कर आणि मी असे तिघं वायपर आणि स्पंजचा रोलर घेऊन रोज सकाळी पाणी बाहेर लोटायचो, एक जण लोटतोय, दुसरा फडक्याने टिपतोय, तिसरा बॉल टाकून बघतोय उडतो का, आणि ऑगस्टपर्यंत त्याच जागेवर शेवाळ धरलं, पाय घसरून एकाचा गुडघा गेला. ते तळं अजून आहे. फक्त आता त्यावर पिकलबॉलच्या लाइनी पण मारल्यात, एका टेनिस कोर्टात पिकलबॉलची चार कोर्टं बसतात ना, हिशोब सोपा आहे. (पिकलबॉलवर माझा राग नाही, पण त्या चार रंगांच्या लाइनींत सर्व्ह आत पडली की बाहेर हे कोणी मला दाखवून द्यावं.)

तर हे तळं तपासायची एक जुनी युक्ती आहे. कोर्टावर भरपूर पाणी मारायचं, उन्हाच्या दिवशी तासभर थांबायचं, आणि मग जिथे पाणी साचून राहिलंय तिथे नाणं ठेवायचं. अमेरिकेत पाच सेंटचं वापरतात. नियमाचा आकडा आहे इंचाचा सोळावा भाग, म्हणजे दीड मिलिमीटरच्या जरा वर, आणि आपला आत्ताचा एक रुपया जाडीला जवळपास तेवढाच. नाणं पाण्याखाली गेलं तर कोर्ट नापास. अशा खड्ड्याला तिकडे 'बर्डबाथ' म्हणतात, पक्ष्यांची आंघोळीची जागा. नाव छान आहे, ज्याला तिथे सर्व्ह करायची असते त्याला छान वाटत नाही.

सरफेसचं थोडक्यात. खाली खडी, त्यावर डांबर किंवा काँक्रीट, आणि वर अ‍ॅक्रिलिक रंगाचे थर ज्यात बारीक वाळू मिसळलेली असते. वाळू जास्त आणि खरखरीत असेल तर बॉल पकडला जातो, कोर्ट स्लो. वाळू झिजली की बॉल सरकतो, कोर्ट फास्ट. आंतरराष्ट्रीय टेनिस फेडरेशन कोर्टांचे स्लो ते फास्ट असे पाच वर्ग करते. साधारण चार ते आठ वर्षांत वरचे थर नव्याने द्यावे लागतात, त्याला रिसर्फेसिंग म्हणतात. कोचला विचारायचा प्रश्न एवढाच की शेवटचं रिसर्फेसिंग कधी झालं आणि सहाही कोर्टांचं एकदम झालं का, कारण एक ते तीन गेल्या वर्षी आणि चार ते सहा कधीतरी मागे असं असेल तर तुम्ही प्रॅक्टिस एका खेळाची करता आणि मॅच दुसऱ्याच खेळाची खेळता. रंग निळा-हिरवा का, तर पिवळा बॉल निळ्यावर उठून दिसतो म्हणून; पिवळा बॉल स्वतः १९७२ मध्ये नियमात आला, टीव्हीवर दिसावा म्हणून, आणि यूएस ओपनने कोर्ट निळं केलं २००५ मध्ये. दिशासुद्धा बघा, कोर्टाची लांबी उत्तर-दक्षिण हवी, नाहीतर संध्याकाळी एका बाजूच्या पोराने टॉस वर टाकला की सूर्य थेट डोळ्यांत.

छताखालची कोर्टं हा ज्याच्या त्याच्या गावाप्रमाणे प्रश्न आहे. ड्युअल मॅचचा सीझन जानेवारीत सुरू होतो आणि मेपर्यंत चालतो, म्हणजे तिकडच्या उत्तरेत अर्धा सीझन बर्फात. फेब्रुवारीत तर टीमची राष्ट्रीय इनडोअर चॅम्पियनशिपच असते. भाचीची दुसरी ऑफर अशाच थंड गावातली. तिथे इनडोअर किती हे विचारलंच पाहिजे, आणि बऱ्याच ठिकाणी उत्तर येतं चार. मग परत तेच, आधी चार मॅच, मग दोन, आणि त्या दोन कोणाच्या? पाच आणि सहा नंबरच्या! आपली पोरगी दीड-दोन तास वॉर्मअप करून, गार होऊन, परत वॉर्मअप करून बसणार. छताची उंची पण महत्त्वाची, नेटच्या वर साधारण ९ मीटर तरी हवं, म्हणजे आपल्या बिल्डिंगचे तीन मजले, नाहीतर लॉब, म्हणजे उंच बॉल, मारला की तो पत्र्याला.

आपल्याकडे बर्फाच्या जागी पाऊस, फरक एवढाच. जून ते सप्टेंबर मुंबईत दोन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, आणि २००५ च्या २६ जुलैला तर सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला, युनिव्हर्सिटीचा कलिना कॅम्पस तिथून हाकेच्या अंतरावर. म्हणजे वर्षाचे चार महिने मोकळं कोर्ट बंदच धरायचं. म्हणून तर मोठ्या टुर्नामेंट इथे पाऊस संपल्यावर होतात. २०१७ मध्ये चर्चगेटच्या सीसीआयला, म्हणजे क्रिकेट क्लब ऑफ इंडियाला, मुलींची मुंबई ओपन झाली ती नोव्हेंबरात, जिंकली कोण तर पुढे जगात एक नंबर झालेली अरिना सबालेंका, तेव्हा तिला इथे फार कोणी ओळखत नव्हतं, मी शंभर पावलांवरून तिची सर्व्ह बघितली आणि चहा प्यायला गेलो, अजून पश्चात्ताप होतो.

आता वेळ. कोर्टं किती यापेक्षा ती आपल्याला किती तास मिळणार हा खरा प्रश्न. अमेरिकेतल्या कॉलेज खेळाच्या नियमात सीझनमध्ये आठवड्याला जास्तीत जास्त २० तास टीमची सक्तीची प्रॅक्टिस, दिवसाला ४ तास. ऐकायला कमी वाटतं, पण यात सकाळचे लेक्चर, दुपारची लॅब सांभाळून मुलांची टीम आणि मुलींची टीम दोन्ही त्याच कोर्टांवर बसवायच्या असतात. सहाच कोर्टं असतील तर एक टीम दुपारी दोनला आणि दुसरी साडेचारला. इथे एक कायदा कामाला येतो, १९७२ चा टायटल नाइन, ज्याने सरकारी पैसा घेणाऱ्या संस्थांना शिक्षणात मुलगा-मुलगी भेद करायला बंदी केली, आणि खेळात त्याचा अर्थ असा लावतात की लॉकर रूम, प्रॅक्टिसची वेळ, कोर्टांचा दर्जा यात मुलींना कायम दुय्यम ठेवता येत नाही. म्हणून ताईला म्हटलं, मुलींची लॉकर रूम वेगळी बघ, कोर्टापासून किती लांब आहे ते बघ, आणि चांगली वेळ कायम मुलांनाच जाते का ते कोचला नको, टीममधल्या एखाद्या मुलीला विचार. आमच्या वेळी कॉलेजच्या मुलींना कपडे बदलायला ऑफिसमागची स्टोअर रूम होती, तीसुद्धा शिपाई किल्ली घेऊन जेवायला गेला की बंद.

स्टँडला मी अगदीच नावं ठेवत नाही हां. आपल्या सोमदेव देववर्मनने २००७ ला कॉलेजचं राष्ट्रीय सिंगल्स टायटल जिंकलं, तो व्हर्जिनिया युनिव्हर्सिटीचा, आणि फायनल होती जॉन इस्नरशी, जॉर्जिया युनिव्हर्सिटीच्या, अमेरिकेतल्याच अथेन्समधल्या कोर्टावर, म्हणजे इस्नरच्या घरच्या कोर्टावर! हे तेच अथेन्स जिथे १९७२ पासून ही चॅम्पियनशिप कितीदा तरी भरली, आणि २००७ लाच टीमचं टायटलही जॉर्जियानेच घेतलं होतं. सगळं पब्लिक समोरच्याचं, तिसरा सेट टायब्रेकला गेला आणि आपला जिंकला. पुढच्या वर्षी परत जिंकला. म्हणजे स्टँड भरलेला असणं घरच्या टीमला मदत करतं हे मान्य, फक्त सोमदेवने ते मानलं नाही. आणि आपली ऋतुजा भोसले टेक्सस ए अँड एमकडून खेळून आली, नंतर २०२३ ला हांगझोऊच्या एशियन गेम्समध्ये बोपण्णाबरोबर मिक्स्ड डबल्सचं गोल्ड घेतलं, हे भाचीच्या खोलीत भिंतीवर लावलेलंच आहे.

बाकी बारीकसारीक गोष्टी, ज्यावरून सेंटर चालवणारा माणूस कसा आहे ते कळतं. नेट मधोमध ३ फूट हवं, ते मोजायला टेप लागत नाही, रॅकेट उभी धरायची, २७ इंच, आणि तिच्यावर दुसऱ्या रॅकेटचं डोकं आडवं, ९ इंचाच्या आसपास, झाले ३६. सिंगल्सच्या मॅचला डबल्सचं नेट असेल तर बाजूला दोन काठ्या लावतात, सिंगल्स स्टिक, साडेतीन फुटाच्या, त्या सहा कोर्टांना मिळून बारा असायला हव्यात. बारा आहेत का मोजा, एवढंच म्हणतो. रॅकेटला तारा ओढायचं स्ट्रिंगिंग मशिन आहे का आणि रात्री नऊला तार तुटली तर ते कोण चालवतं हेही विचारा.

मेसेज पाठवला तर भावोजींचा रिप्लाय आला अंगठा, आणि खाली, "पण स्टेडियम?"

भाची गेल्या आठवड्यात पहिल्या युनिव्हर्सिटीला प्रत्यक्ष जाऊन आली, तिकीट त्यांनीच काढलं. आदल्या रात्री तिथे पाऊस पडून गेला होता. सकाळी आठला, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळ, मला तिचा फोटो आला. निळं कोर्ट, बेसलाइनच्या मागे थोडं पाणी, आणि पाण्यात एक रुपयाचं नाणं, पार्ले स्टेशनवर सुट्टे म्हणून परत मिळालेलं, तिच्या बॅगेत राहून गेलेलं.

खाली लिहिलंय, "मामा, एक ते पाच कोरडी. हे सहा नंबर आहे. सिंह दिसतोय पण अर्धाच. पास की नापास?"

मी फोटो झूम करून दहा मिनिटं बघतोय. सांगता येत नाहीये. तिला म्हटलं तासभर थांब आणि परत फोटो पाठव, आणि तोपर्यंत स्टिक मोजून घे.